मामाची बोट देवळापर्यंत

फिलूच्या लग्नाला मोटार न्यायची असं पहिल्यांदा पेद्रूमामा म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्या मोटारीनं आमच्या घरात कुणाला शांतपणे जेवू दिलं नाही. फिलू माझी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पेद्रूमामा आईचा भाऊ. आमच्या वाडीच्या बांधाला लागूनच त्याचं घर. त्याचं सगळं आयुष्य बोटीवर इंजिनात तेल घालण्यात गेलं, लग्न त्यानं केलं नाही, आणि कायमचा घरी परतला तेव्हा वांद्र्याच्या कुणा म्हाताऱ्या बाईकडून एक निळी मोटार घेऊन आला. निर्मळात तेव्हा सायकली भरपूर, स्कूटर दोनचार, मोटार म्हणजे डॉक्टरची तेवढी एक. मामा तिला मोटार म्हणायचाच नाही, बोट म्हणायचा. मग सगळं गाव बोट म्हणायला लागलं. बॉनेट उघडलं की तो म्हणायचा, "इंजिनरूममध्ये कुणी यायचं नाही." आणि कुणी जातही नव्हतं, कारण आत पेट्रोल गळायचं. त्या गळतीखाली मामानं नारळाची करवंटी तारेनं बांधून ठेवली होती. करवंटी भरली की ती उचलून परत टाकीत ओतायची. तो हे इतक्या ऐटीत करायचा की बघणाऱ्याला वाटावं, गाडीला कंपनीनंच करवंटी दिली आहे.

आमच्या घरची बोली वेगळी. ती इथं तशीच लिहिली तर माझ्या नातवंडांनाही निम्मी कळणार नाही, म्हणून सगळ्यांना कळेल असं लिहितो. पण लग्नाच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरात जो आवाज असायचा, तो कुठल्याही बोलीत लिहिता येत नाही. मांडवासाठी खड्डे खणायला शेजारचे आलेले, त्यांची थट्टामस्करी, कोंबड्यांचा कलकलाट, देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागं बँडवाल्यांची तालीम. तेच एक गाणं, आणि त्यातली तीच एक चूक. आई आणि तिच्या जावा फुग्यांचं, म्हणजे तळायच्या गोल पावांचं, पीठ भिजवून ते परातीत फडक्याखाली झाकून ठेवायच्या आणि दर घटकेला फडकं उचलून बघायच्या, पाळण्यातलं पोर जागं झालं का बघावं तशा. इंदेलच्या आंबट-तिखट मटणासाठी सिरक्यात वाटलेल्या मिरच्यांचा वास ओटीपर्यंत यायचा आणि शिंका सुरू व्हायच्या. बाहेर पत्र्यावर राजेळी केळ्यांची सुकेळी वाळत घातलेली, त्यांवर लक्ष ठेवायचं काम मला दिलेलं. मी लक्ष ठेवायचो आणि खायचोही. आईला ते माहीत होतं, म्हणून तिनं चार फण्या जास्तच सोलल्या होत्या.

बाबांचं म्हणणं साफ होतं. "आमच्या घरची नवरी बँडच्या मागून चालत देवळात जाते. माझी आई गेली, तुझी बहीण गेली." हे ते मामाला सांगायचे. मामा म्हणायचा, "भावोजी, माझी बहीण चालली, कारण तेव्हा माझ्याकडे बोट नव्हती." फिलूला विचारलं तर ती म्हणाली, "मी बोटीतून जाणार. चालायला पुढचं सगळं आयुष्य आहे." झालं. तिच्यापुढे बाबांचं कधी चालत नसे. पण बोट कुठं चालत होती? नुसती उभी असली तरी सगळी कापरं भरल्यासारखी हलायची, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की बंद पडायची. मामानं वसईहून एक मिस्त्री आणला. मिस्त्रीनं बॉनेटमध्ये डोकं घातलं, करवंटी बघितली, खूप वेळ हसला आणि म्हणाला, "इंजिन उतरवावं लागेल. दीड महिना धरा." लग्नाला आठ दिवस होते.

तेव्हा मी बोललो. खड्ड्यात उभा होतो, कमरेपर्यंत माती, तिथूनच म्हणालो, "मी करतो."

सगळे असे हसले की एकाच्या हातातली पहार खड्ड्यात पडली, माझ्या पायापासून वीतभर अंतरावर. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "चौथीतून ज्याला मास्तरांनी घरी पाठवला, तो इंजिन करणार."

"मास्तरांनी नाही पाठवलं. मी आलो."

"बरं, तू आलास. आता मुंबईला जा." कारण बाबांनी तेच ठरवलं होतं. त्यांच्या चुलतभावानं मुंबईत कुठल्याशा ऑफिसात माझ्यासाठी शिपायाची जागा बोलून ठेवली होती. खाकी कपडे, बसायला स्टूल, साहेबाच्या टेबलावरची घंटी वाजली की उठायचं. ते स्टूल मी कधी पाहिलं नव्हतं, पण रोज स्वप्नात दिसायचं. मला कुणी घंटी वाजवून उठवावं, हे मला आजही सहन होत नाही. मुलानं दाराला बेल लावली तेव्हा मी ती पहिल्याच दिवशी काढून ठेवली. आता कुणी आलं तर हाक मारतं.

मी म्हणालो, "बाबा, बोट मी नीट केली तर मुंबई रद्द."

शेजारच्यांना तमाशा हवाच होता. "बोला बोला, इनासच्या बाबा, घाबरलात काय पोराला?" बाबा घाबरणारे नव्हते. पहार जमिनीत रोवून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "घरापासून देवळापर्यंत इंजिन न थांबता बोट गेली, तर मुंबईचं नाव काढणार नाही. मध्ये थांबली, तर सोमवारी तू पेटी उचलायची, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही." मी म्हटलं, "ठरलं." हातात हात दिला. दोघांचे हात मातीनं भरलेले.

आता खरं सांगायचं तर मला मोटारीतलं काही येत नव्हतं. मला पाइप कळायचे. वाडीत जन्मलेल्या पोराला दुसरं काय कळणार? विहिरीवरच्या पंपाला दोन पाइप. एक पाणी ओढतो, एक पाणी फेकतो. फेकणारा पाइप फुटला तर आंधळ्यालाही कळतं, कारण अंगावर पाणी उडतं. ओढणारा पाइप चिरला तर एक थेंब बाहेर येत नाही, उलट तो आत हवा पितो, आणि पंप नुसता खोकत बसतो. ती चीर डोळ्यांनी सापडत नाही, कानांनी शोधावी लागते. हे मला बाबांनीच शिकवलं होतं, मी सात-आठ वर्षांचा असताना, विहिरीत उतरवून. मामाच्या बोटीचं ते कापरं बघून माझ्या मनात आलं, ही गळते त्याचं सोडा, ही कुठंतरी पिते आहे.

पण चालू इंजिनाच्या गोंगाटात बारीक फुसफुस ऐकायची कशी? मी पपईचं एक पान तोडलं. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ, हातभर लांब. लहानपणी त्याच्या पिपाण्या केल्या नाहीत असं पोर आमच्याकडे नाही. देठाचं एक टोक कानात घातलं आणि दुसरं टोक इंजिनावर एकेका नळीजवळ फिरवत गेलो. मामा शेजारी तपकीर ओढत उभा. "डॉक्टर, पोरगा की पोरगी?" असं विचारत होता. मी म्हटलं, "मामा, गप." आणि तेवढ्यात ऐकू आलं. कार्बोरेटरच्या बुडातून एक करंगळीएवढी रबरी नळी पलीकडे जाते, तिच्या खालच्या अंगाला, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथून सूं... सूं... असा आवाज. मी खालून बोट घातलं. चीर हाताला लागली. बोट तिच्यावर दाबलं, आणि काय सांगू, अख्खी बोट एकदम शांत झाली! मिस्सेच्या प्रार्थनेत फादर उभे राहिल्यावर देऊळ शांत होतं, तशी. बोट काढलं, पुन्हा कापरं. दाबलं, शांत. मी तेच वीसपंचवीस वेळा केलं. मामाला बोलावून त्याचं बोट ठेवायला लावलं. त्याचे डोळे मोठे झाले. मग आईला बोलावलं, ती हाताचं पीठ तसंच घेऊन आली, तिनंही बोट ठेवलं आणि "अगो बाय!" म्हणून हसायला लागली. आम्ही तिघं त्या निळ्या मोटारीभोवती वेड्यासारखे हसत होतो. आयुष्यात पुढं मी शेकडो इंजिनं खोलली, पण ते पहिलं शांत होणं अजून माझ्या बोटाच्या टोकात आहे.

नातवाच्या आताच्या गाडीचं बॉनेट मी मध्ये उघडून बघितलं. आत नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण. म्हणतो, "आजोबा, त्याला हात लावायचा नसतो, कॉम्प्युटर सांगतो काय बिघडलं ते." मी म्हटलं, कॉम्प्युटरला सांग, वाडीत पपई आहे, लागली तर ये.

असो. चिरलेल्या नळीवर मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली आणि वरून बारीक तार आवळली. आमच्या वाडीत काहीही फुटलं, तुटलं, सुटलं की सायकलची ट्यूब. पंपाचा पाइप ट्यूबनं, फावड्याचा दांडा ट्यूबनं, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार ट्यूबनं. त्यामुळे मग पेट्रोलची गळती मी कशानं बांधली असेल ते सांगायला नको. इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी जोडाजवळ कुजली होती. मामा इतके दिवस तिला आईचा कपड्याचा साबण चोपडायचा. मी साबण खरवडला, ट्यूबची चांगली दुहेरी पट्टी आवळून बांधली, आणि करवंटी काढून मामाच्या हातात दिली. एक थेंब नाही! गुरुवारी आम्ही बोट काढली. निर्मळच्या तळ्याला फेरा मारला, बाजूच्या गावांत गेलो, वाटेत जो भेटेल त्याला हॉर्न. मामा मोठ्यानं गात होता. बाबा वाडीत केळीला पाणी सोडत होते. त्यांच्यासमोरून आम्ही तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्यांनी पाठ केली, आणि तिसऱ्या वेळी तर मी त्यांच्या नावानं हॉर्न दिला. माझ्यासारखा गाढव तेव्हा वसई तालुक्यात दुसरा नसेल.

लग्नाचा रविवार. बोट झेंडूनं आणि मोगऱ्यानं इतकी सजवली होती की मामाला समोरचं बघायला पानाएवढी जागा उरली. मागच्या सीटवर पांढऱ्या साडीत फिलू आणि आई. पुढे मामा, शेजारी मी, नव्या शर्टात. बाबा गाडीत बसायला तयार नव्हते, ते गाडीपुढे चालणार. त्यांच्यापुढे बँड. आणि बँड कसा चालतो तुम्हाला माहीत आहे. चार पावलं, मग थांबून एक कडवं, मग चार पावलं. त्यामागून बोट पहिल्या गिअरमध्ये गोगलगायीसारखी. उन्हात इंजिन तापलेलं, पण आवाज कसा, तर गोड. निम्म्याहून जास्त वाट झाली. मी बाबांच्या पाठीकडे बघून मनातल्या मनात म्हणत होतो, बघा, बघा.

वळणावर, मोठ्या चिंचेपाशी, मला वास आला.

आधी वाटलं, मोगऱ्यातून भास झाला असेल. मग पक्का आला. पेट्रोल. मामाला तपकिरीमुळे कशाचाच वास येत नसे. मागं आई फिलूची वेणी नीट करत होती. वास फक्त मला आला होता. आणि मी गप्प बसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. चिंचेपासून पुढच्या क्रूसापर्यंत, दोनशे पावलं असतील, मी गप्प बसलो. कारण क्रूसाच्या पुढं वळलं की देऊळ दिसतं. मनात एकच होतं, एवढं वळण गेलं की जिंकलो. माझी सख्खी बहीण माझ्या मागं बसली होती, आणि मी स्टुलाचा विचार करत होतो.

क्रूसापाशी कडवं संपलं आणि बँड दम खायला थांबला. ढोलवाल्यानं ढोल पोटावरून बाजूला सरकवला, खिशातून विडी काढली. वारा होता. काडी विझत होती. तो वळला आणि आडोसा शोधत सरळ आमच्या बॉनेटकडे चालत आला. वाकला. काडी ओढायला हात वर केला.

मी कसा ओरडलो ते मला आठवत नाही. लोक सांगतात, तळ्यापलीकडे ऐकू गेलं. "मामा, बंद कर! फिलू, उतर! आई, उतर!" आणि मी दारातून बाहेर पडून ढोलवाल्यावर असा पडलो की तो ढोलासकट रस्त्याकडेच्या भेंडीच्या शेतात. काडी कुठं गेली, विडी कुठं गेली, कुणास ठाऊक. "अरे मारतोस काय, लग्न आहे का लढाई?" तो खालून विचारत होता.

इंजिन बंद झालं. फिलू आणि आई उतरून लांब गेल्या. मी बॉनेट उघडलं. माझी ती दुहेरी पट्टी फुगून अंगठ्याएवढी झाली होती, आणि हात लावला तर बोटाला चिकटून आली, अतिपिकल्या केळ्याची साल यावी तशी. खालून टपटप. पाण्याला सायकलची ट्यूब चालते, हवेला चालते. पेट्रोल तिला खाऊन टाकतं. हे शाळेत शिकवतात की नाही मला माहीत नाही, मला त्या क्रूसापाशी कळलं.

बाबा मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "थांबली," ते म्हणाले.

"थांबली नाही. मी थांबवली."

"थांबली की नाही?"

"थांबली," मी म्हटलं. हरलो तर हरलो. "सोमवारी जातो."

"आता तरी चालत चला," बाबा सगळ्यांना म्हणाले. तेव्हा फिलू रस्त्याच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "मी बोटीतून निघाले, बोटीतूनच पोचणार. इनास, काय लागतं तुला?"

"पेट्रोलची नळी. वीतभर."

सगळ्यांचे डोळे एकदम फोटोवाल्याच्या मोटारसायकलीकडे गेले. फोटोवाला पुढं जाऊन आमचे फोटो काढायला थांबला होता. तो बिचारा मागं सरकला. "ए, नाही हां! मला पुढं सोपाऱ्याला दुसरं लग्न आहे!" पण त्याला मामानं एका बाजूनं धरलं, ट्रंपेटवाल्यानं दुसऱ्या बाजूनं. मी त्याच्या टाकीची चावी बंद करून नळी काढली. ती जरा बारीक होती, चढेना. शेजारच्या घरातून कुणी उकळता चहा आणला, त्यात नळीचं टोक धरलं, मऊ झालं आणि चढलं. तार आवळली, सांडलेलं सगळं फडक्यानं पुसलं, वारा लागू दिला. मी बॉनेटवर नाक ठेवून एका दमात सगळी प्रार्थना म्हणालो. वास नाही. मामानं चावी फिरवली. बोट चालू! बँडवाले ठेका विसरून टाळ्या वाजवायला लागले. फोटोवाला आता पायी कुठं जाणार, तो फिलूशेजारी आत बसला. फिलूच्या लग्नाच्या अल्बममध्ये वरातीतले सगळे फोटो हातभर अंतरावरून काढलेले आहेत, त्याचं कारण हे.

देवळाच्या दारात बोट उभी राहिली तेव्हा अर्धा तास उशीर झाला होता. नवरामुलगा पायरीवर रुमालानं मान पुसत होता. फादर दारात. बँडनं आत नेण्याचं गाणं सुरू केलं. बाबांनी गाडीचं दार उघडून हात पुढं केला. फिलू बसूनच.

"उतर गो."

"आधी सांगा, इनास मुंबईला जाणार नाही."

"शर्त झाली होती. तो हरला. तो स्वतः म्हणतो."

"तो जिंकायचं म्हणून गप्प बसला असता तर मी आता कुठं असते बाबा? बोला."

मी मागं उभा होतो. हे ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं, कारण दोनशे पावलं मी गप्प होतोच. बाबा वाकून हळू बोलायला लागले, "फिलू, लोक बघतायत, फादर उभे आहेत..." फिलूनं आपल्या हातातली फुलं मांडीवर ठेवली आणि सीटला टेकून बसली, जणू आता वसईला जाऊन यायचं आहे. बँडचं गाणं संपलं. बँडमास्तरनं इकडंतिकडं बघितलं आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं. तेही संपलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यातली ती नेहमीची चूक आली आणि आतून कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. नवरामुलगा दोन पायऱ्या उतरून आला, म्हणाला, "मी काही करू का?" आई म्हणाली, "तू वर जा बाळा."

"नाही पाठवत," बाबा पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"नाही पाठवत!" बाबा इतक्या जोरानं ओरडले की बँड बंद पडला आणि देवळाच्या मागच्या कौलांवरची कबुतरं उडाली. आणि त्या शांततेत फिलू उतरली, साडी सावरली, बाबांच्या हातात हात घातला आणि आत गेली, काही झालंच नाही अशी.

मी आत पुढं गेलो नाही. हात, शर्ट, केस, सगळ्याला पेट्रोलचा वास. मागच्या खांबापाशी उभा राहिलो, दाराजवळ, जिथं उशिरा आलेले उभे राहतात. फिलूला पुढं पोचवून बाबांनी त्यांच्या बाकावर बसायचं, आईशेजारी, मान उंच करून. पण ते बसले नाहीत. सगळ्या देवळासमोर मधल्या वाटेनं चालत मागं आले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी मनाशी ठरवलं होतं, दोनशे पावलांचं त्यांना आत्ताच सांगायचं. तेवढ्यात तेच बोलले, मान न वळवता.

"वास येतो तुझा."

"तुम्ही पुढं जा बाबा. लोक बघतायत."

"बघू देत," ते म्हणाले. "आता रोजच येणार." आणि मिस्सा संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.